तुझं मुसळ चुकत नव्हतं

माय, मावशी येऊन गेली. मोतीबिंदू काढायला आली होती. गंगापूरहून भरल्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आली, माझ्या घरी राहिली, माझ्या हातचं गरम गरम खाल्लं, आणि जाता जाता तुझ्याबद्दल एक असं बोलून गेली की तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तू समोर असतीस तर तोंडावर विचारलं असतं असं वाटतं, पण ते खोटं आहे. समोर होतीस तेव्हा कुठं विचारलं. तुला मरून आता इतकी वर्षं झाली की तुझं वय मी गाठलं आणि मागंही टाकलं. माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही तूच सोडवलीस, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची नाहीत. गिऱ्हाइकांच्या डब्यांवर खडूनं नावं लिहून जेवढं सुधारायचं तेवढं सुधारलं.

इथं बजाजनगरात माझा मिरची कांडायचा डंक आहे. पत्र्याची शेड, आत यंत्र. बटण दाबलं की लोखंडी मुसळं आपोआप वरखाली होतात आणि खालचं भांडं आपलं आपण फिरतं. कंपनीत कामाला असलेल्यांच्या बायका डबे घेऊन येतात आणि नाकातोंडाला ओढणी बांधून लांब उभ्या राहतात. मी आत बसते. मला ठसका लागत नाही, माझा लहानपणीच लागून संपला. उन्हाळ्यात मिरचीच्या दिवसांत सून म्हणते, आत्याबाई, जरा बाहेर येऊन बसा, डोळे बघा कसे झालेत. मी म्हणते, तू तुझं बघ. यंत्राला माणूस लागत नाही, एवढं एक त्याचं चांगलं आहे. मिरची सारायला त्याला कुणाची पोरगी लागत नाही.

तुझ्या उखळाला लागायची. जुन्या शहरात नाल्याच्या अंगाला आपली एक खोली, पुढं अंगण, आणि अंगणात जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. तू उभी, मी खाली बसलेली, एक पाय दुमडलेला आणि एक उखळाच्या कडेनं लांब केलेला, कारण दोन्ही दुमडले तर हात आतपर्यंत पोचत नाही. मुसळ वर गेलं की माझा हात आत. कडेला उडालेली मिरची मधे सारायची आणि हात बाहेर. तू नाकातून ‘हं’ केलंस की मुसळ खाली. पुन्हा हात आत. नव्या गिऱ्हाईक बायका बघून डोळे मिटायच्या. ‘अगं बाई, पोरीची बोटं जातील,’ म्हणायच्या. तू मुसळ न थांबवता म्हणायचीस, ‘जाऊ द्या की. तिखटात मटण फुकट.’ मग त्या हसायच्या. मीही हसायचे, कारण मला ठाऊक होतं की बोटं जाणार नाहीत. त्या मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं होतं, मनगटाएवढं जाड. ते माझ्या नखाच्या एवढं जवळून जायचं की हाताला वारा लागायचा. पण लागलं कधीच नाही. अख्ख्या मोहल्ल्यात तुझं नाव होतं त्याचं. तू वाईट बोलायचीस, कमी बोलायचीस, कुणाच्या मयतीला जाऊनसुद्धा तिथल्या सुनांना टोमणे मारून यायचीस, तरी लोक मिरची तुझ्याकडंच आणायचे. हिचं मुसळ चुकत नाही, म्हणायचे.

ज्या दिवसाचं सांगायचंय त्याच्या आदल्या वर्षी बाप पैठणला दुसरं घर करून बसला होता. मी बारातेरा वर्षांची असेन.  तो गेल्यावर त्याचे धुतलेले कपडे होते ते उखळ पुसायला काढलेस.

आता तो दिवस. तुला ठाऊक आहे, तरी मी सांगणार आहे, कारण मी तो कुणाला सांगितलेला नाही. कचेरीतल्या कारकुनाची बायको येसराचा मसाला कांडून घ्यायला आली होती. गोरी, जाड, छत्रीवाली. अंगणात लिंबाची सावली डाव्या अंगाला पडायची. ती तिथं बाजेवर बसली, छत्री बाजूला ठेवली, धण्याची पिशवी जमिनीवर ठेवली. माझी बसायची जागा तीच होती. म्हणून मी उठून तुझ्या उजव्या अंगाला उन्हात जाऊन बसले. तू कांडत होतीस. बाई म्हणाली, ‘पोरगी हुशार दिसते हो.’ तू म्हणालीस, ‘दिसते.’ बाई म्हणाली, ‘माझी एकटीच आहे, तिला सोबत होईल. मी नेते हिला. घरातलं वरकाम करील, माझ्या पोरीसंगं शाळेत जाईल, जेवूनखाऊन राहील. तुमच्यावरचा भारही कमी.’  मुसळ चालूच. मग बाई थेट मला म्हणाली, ‘काय गं, येतेस का?’ आणि मी तुझ्याकडं न बघता म्हणाले, ‘येते.’

तू मान वळवून माझ्याकडं बघितलंस. आणि मुसळ माझ्या मांडीवर आलं. गुडघ्याच्या वर, आतल्या अंगाला, जिथं मांस मऊ असतं तिथं. मला आधी आवाज ऐकू आला. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. मग मी उखळात तोंड घालून पडले. मिरची नाकात गेली, डोळ्यांत गेली, ओरडायला तोंड उघडलं तर तोंडात गेली. बाई उठून उभी राहिली, ‘अहो काय केलंत, अहो चुकून लागलं हो तिला,’ असं म्हणायला लागली. तू मुसळ उभं धरून म्हणालीस, ‘आता जा. जा ना कुठं जायचं ते.’

बाईला वाटलं तिला म्हणालीस. ती छत्री विसरून गेली.

हाड मोडलं नव्हतं, कातडी फाटली नव्हती. नुसतं निळं झालं, मग हिरवं, मग पिवळं. तू बिब्बा घातलास. मी लंगडत लंगडत पाणी भरायला लागले. बाईनं छत्री न्यायला माणूस पाठवला आणि निरोप दिला की पाय बरा झाला की पाठवा. तू त्या माणसाला म्हणालीस, ‘लंगडी पोरगी घेऊन काय करताल?’ मी आतून ऐकलं. मनात म्हणाले, पाय बरा होऊ दे, मग बघ.

पाय बरा व्हायच्या ऐवजी तिथं गाठ आली. आधी लिंबाएवढी, मग पेरूएवढी. वरून गरम. हात ठेवला की आत कोंबडीचं पिल्लू धरल्यासारखं धडधडायचं. झोपताना कानाला उशीतून ऐकू यायचं, मांडीतलं ते, फुस्स फुस्स, जणू पायात कुणी भाता चालवतंय. मी तुला सांगितलं. तू हात लावून म्हणालीस, ‘गळू हाय. आत पू खेळायलाय.’ भाजलेला कांदा आणि हळद बांधलीस. गव्हाच्या पिठाची गरम पोटीस बांधलीस. पुन्हा बिब्बा. वरची कातडी पोळून कागदासारखी पातळ झाली. गाठ वाढत राहिली, आणि तुझा संताप वाढत राहिला, जणू ती मी मुद्दाम वाढवत होते. हंगाम चालू होता आणि सारायला कुणी नव्हतं.

मग न्हावी आणलास. आपल्याकडं तेव्हा गळवं तोच फोडायचा. त्यानं वस्तरा पाण्यात बुडवून घेतला, गाठीवर दोन बोटं ठेवली आणि वस्तरा पुन्हा पेटीत टाकला.

‘वैनी, ही गाठ उडायलीय.’

‘पिकलीय म्हणून उडायलीय.’

‘पिकलेली गाठ ठणकती, उडत नाय. मी हात लावणार नाय. दवाखान्यात न्या.’

‘दवाखान्यात गेले तर माझं उखळ कोण सांभाळंल, तू?’

‘मी दाढ्या करतो वैनी. मढी करत नाय.’

तो गेला तसं तू दारातून ओरडलीस, ‘बायल्या हाय मेला.’ मग आत येऊन चुलीजवळचा बाभळीचा काटा घेतलास, विस्तवावर धरलास. मला म्हणालीस, ‘डोळे मीट. नाय मिटलेस तरी चालतंय.’ सकाळपासून तू मिरचीची देठं खुडत होतीस. हात नुसते पदराला पुसलेले.

काटा आत गेला आणि पू आला नाही. रक्ताची चिळकांडी उडाली ती समोरच्या भिंतीवर, दिव्याच्या कोनाड्यापर्यंत. मग थांबून पुन्हा उडाली. पुन्हा. तुझ्या मुसळासारखीच, लयीत. मी ते बघत होते आणि मला वाटलं हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे. तू ओरडली नाहीस. काटा टाकलास आणि उजव्या हाताचा अंगठा त्या भोकावर दाबलास, अंगाचा सगळा भार टाकून, जसं रांजणाचं भोक बुजवतात तसं. रक्त थांबलं. मग मिरची झोंबायला लागली. माय, मुसळ लागलं तेव्हा मी एवढी ओरडले नव्हते. तुझ्या अंगठ्याचं तिखट उघड्या मांसात गेलं होतं. मी तुझ्या हाताला चावले, केस ओढले, नको त्या शिव्या दिल्या. ‘काढ अंगठा, काढ, रांडे, काढ.’ तू म्हणालीस, ‘मिरची झोंबून कुणी मेलं नाय.’

शेजारी चाचाचा टांगा होता. तो घोड्याला वैरण टाकत होता. तुझी हाक ऐकून आला, मला बघून पांढरा पडला. ‘या अल्ला, भाभी, ये क्या कर लिये?’ तू म्हणालीस, ‘बडे दवाखाने में. जल्दी.’ त्यानं मला उचललं, तू अंगठा न काढता बाजूनं वाकून चाललीस. टांग्यात तू माझ्या मांडीवर गुडघा रोवून बसलीस. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला चाचा म्हणायचा, ‘अंगूठा मत हटाव भाभी, गद्दी मैं कलीच धुलाया.’ आणि रडायचा. चाचा रडत होता, मी रडत होते, घोडा पळत होता. तू रस्त्याकडं बघत होतीस, मान जराशी तिरकी करून.

सरकारी दवाखान्यात सगळे धावले. कुणी रक्त आणायला, कुणी डॉक्टरांना बोलवायला. एक कारकून कागद घेऊन आला. ‘अंगठा लावा.’ तू म्हणालीस, ‘हा कामात हाय. दुसरा घ्या.’ त्यानं तुझा डावा अंगठा शाईत बुडवला. मोठे डॉक्टर आले. पिकलेले केस, शांत माणूस. त्यांनी माझं पाऊल हातात घेतलं, घोट्याजवळ नाडी बघितली, माझी बोटं हलवायला लावली. मग तुला म्हणाले, ‘पाय थंड पडायला लागलाय. आम्ही वाचवायचा प्रयत्न करतो. पण जिवाचा प्रश्न आला तर पाय काढावा लागंल. तुमची तयारी पाहिजे.’ मी शुद्धीत होते. मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. तू म्हणालीस, ‘काढा की मग. सारायला हात लागतात, पाय नाय.’

डॉक्टरांना ते कळलं नाही. मला कळलं.

टेबलापर्यंत तू आलीस, कारण अंगठा सोडून चालणार नव्हतं. डॉक्टरांनी स्वतःची बोटं तुझ्या अंगठ्याशेजारी रोवली आणि म्हणाले, ‘आता सोडा बाई.’ तू सोडला नाहीस. ‘सोडा,’ ते पुन्हा म्हणाले. तू म्हणालीस, ‘सुटंना.’ अंगठा आखडून लाकूड झाला होता. नर्सनं एकेक पेर सरळ करून तो माझ्या मांडीवरून काढला. तेवढं मला दिसलं, मग तोंडावर भूल आली.

पाय वाचला. काय केलं ते मला फेरीच्या वेळी ऐकून ऐकून कळलं. डॉक्टर रोज सकाळी शिकाऊ पोरापोरींचा घोळका घेऊन माझ्या खाटेशी यायचे. ‘मुका मार,’ ते म्हणायचे. ‘वरून काही नाही. कातडी शाबूत, हाड शाबूत. आत मोठी रक्तवाहिनी फाटलेली. रक्त बाहेर येतं आणि भोवतालच्या मांसात स्वतःची पिशवी करतं. नाडीसरशी ती उडते. हिला गळू समजून फोडलं तर?’ एकदा एक बारकी पोरगी म्हणाली, ‘पेशंट दगावतो, सर.’ मग तिनं माझ्याकडं बघून जीभ चावली. डॉक्टरांनी आधी वरून, जांघेजवळ नळीला फीत टाकून रक्त आडवलं होतं, मग पिशवी उघडून आतलं गोठलेलं रक्त ओंजळ ओंजळ काढलं, नळीचा फाटका तुकडा कापला आणि त्या जागी माझ्याच दुसऱ्या पायातली शीर काढून शिवली. शीर उलटी करून बसवायची असते. तिच्यात आतून बारीक दारं असतात, ती एकाच बाजूला उघडतात. सुलटी बसवली तर रक्त दारावर आपटून थांबंल. हे मला कुणी समजावून सांगितलं नाही, मी पडल्या पडल्या ऐकलं आणि पाठ झालं. तू फोडलेला पाय दुरुस्त करायला त्यांनी धडका पाय कापला. शीर काढलेली डावी मांडी बघितली की मला तीच जास्त लागते.

आणि मग डॉक्टर म्हणायचे, ‘ही दगावली नाही. का?’ आणि तुला पुढं बोलवायचे. ‘ह्या बाईनं दाबून धरलं. घरापासून इथपर्यंत. शाळा नाही, शिक्षण नाही. अंगठा दाखवा बाई.’ तू अंगठा दाखवायचीस. पोरं वाकून बघायची. वॉर्डातल्या बायका तुला चहातला चहा द्यायच्या, म्हणायच्या, माय असावी तर अशी. तू नाही म्हणाली नाहीस. मला वाटायचं, उठावं आणि सांगावं, काटा कुणी घातला ते विचारा. मुसळ कुणी घातलं ते विचारा. एकदा डॉक्टरांनी विचारलंही. ‘मार कशाचा?’ तू म्हणालीस, ‘मुसळाचा. माझ्या हातनं.’ ते म्हणाले, ‘निसटलं असंल.’ तू हो म्हणाली नाहीस, नाही म्हणाली नाहीस. माझ्या पावलावर दोन बोटं ठेवून नाडी बघितलीस, नर्सनं शिकवली होती तशी, आणि मोठ्यानं म्हणालीस, ‘चालू हाय.’

टाके निघाले, मी घरी आले. पाय टेकवायला लागले त्याच आठवड्यात तू उखळ धुतलंस, मिरची ओतलीस आणि मला म्हणालीस, ‘बस.’ मी बघत राहिले. तू म्हणालीस, ‘डाव्या अंगाला बस.’ मी बसले. पाय लांब केला, तोच, कारण दुसरा अजून दुमडत होता आणि हा नव्हता. मुसळ वर गेलं. मी हात आत घातला. घाम माझ्या पाठीवरून कमरेपर्यंत आला. तू ‘हं’ केलंस. मुसळ उखळात पडलं. त्यानंतर माझं लग्न होईपर्यंत ते कधी चुकलं नाही. कचेरीवाल्या बाईनं दुसरी पोरगी नेली. ती पुढं शिकून बालवाडीत लागली असं ऐकलं. मी एकदा तिला बाजारात बघितलं, चप्पल उंच टाचेची होती.

माझ्या लग्नाची माणसं आली तेव्हा मी आत साडी नेसून उभी. टाक्यांची गोष्ट दडवायची असते असं सगळ्यांनी तुला सांगितलेलं. तू त्यांच्या पुढ्यात पोह्यांच्या बशा ठेवल्यास आणि म्हणालीस, ‘पोरीचे दोन्ही पाय फाडून शिवलेत. कामाला चालती, पळून जायला नाय चालत. तुमाला बरंच हाय.’ सासरा एवढा हसला की पोहे नाकात गेले. लग्न तिथंच ठरलं. सासरी माझं नाव बरेच दिवस तेच होतं, न पळणारी.

हे सगळं माझ्याजवळ घट्ट होतं, माय. मला कुणी काही बोललं, नवऱ्यानं हात उगारला, पोरानं उलट उत्तर दिलं, मी म्हणायचे, मी कुणाच्या पोटची आहे बघून बोला. माझ्या मायनं मला घरात ठेवायला माझा पाय फोडला. त्याच्यापुढं तुम्ही काय करणार? मोठ्यानं नाही म्हणायचे. मनात. तू शेवटी दम्यानं माझ्याच घरी, ह्याच बजाजनगरात गेलीस, मी तुझं सगळं केलं, आणि रोज तुझ्याकडं बघून मनात तेच म्हणायचे. त्यावर माझं चाललं होतं.

आणि ही मावशी. डोळ्यावर हिरवी पट्टी, पुढ्यात भाकरी कुस्करलेली. म्हणते, ‘तुझ्या मायनंबी तव्हा डोळा दाखवला असता तर बरं झालं असतं.’

मी म्हणाले, ‘तिला काय झालतं डोळ्याला?’

‘आगं, उजवा पार गेलेला तिचा. तुला ठाव नाय?’

‘काहीतरी बोलू नको मावशे.’

‘तुझा बाप गेला ना पैठणला, जाताना कानशिलात बुक्की हाणली तिच्या. वरून काय नाय. सूज बी लगीच उतरली. मग दिवाळीपासून म्हणायली, एका बाजूनं पडदा वढल्यावानी दिसायलंय. संक्रांतीपतोर अंधारच. बाहेरून डोळा कसा, चांगला. माझ्या गळ्याची आन घातली तिनं. म्हणे, आंधळीच्या मुसळाखाली पोरगी बसवती म्हणतील, कोण मिरची देईल मला?’

‘मग मला आजवर का नाय सांगितलं?’

‘तू इचारलं का?’

मी म्हणाले, ‘जेवण झालं असंल तर ताट उचल.’ ती हसली, तिला वाटलं मी थट्टा करते. दुसऱ्या दिवशी तिला जीपमध्ये बसवून दिलं. नीट बोलले नाही. पुढच्या वेळी आली तर बघू.

पण ती गेल्यावर एकेक आठवायला लागलं, नको असताना. तू कोंबडीसारखी मान तिरकी करून बघायचीस. मला ती ऐट वाटायची. शेवटच्या आजारपणात मी उजव्या हाताशी पाण्याचा पेला ठेवला की तू तो सांडायचीस, आणि मी ओरडायचे, ‘दिसत नाही का तुला?’ तू म्हणायचीस, ‘दिसतंय, दिसतंय.’ मी उखळात हात घालताना तू माझ्या हाताकडं बघत नव्हतीस, हे आता लक्षात येतं. ते तुझ्या अंगात होतं, त्याला डोळे लागत नव्हते. आणि त्या दिवशी बाई सावलीत बसली म्हणून मी तुझ्या उजव्या अंगाला बसले होते. त्यानंतर तू मला तिथं कधी बसू दिलं नाहीस. मी ‘येते’ म्हणाले, तू वळलीस. मुसळ हातात वर होतं, अंग वळलं तसं तेही वळलं असेल. असेल. मी यंत्राजवळ बसून हे रोज उभं करून बघते. आधी तू बघितलंस की आधी मुसळ आलं? बघितलंस म्हणजे तुला दिसलं का? गिऱ्हाईक म्हणतात, काकू, डबा भरला, बटण बंद करा.

मी मावशीचं ऐकणार नाही. ‘आता जा’ म्हणाली होतीस, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. चुकून लागलं असतं तर कुणी असं बोलतं का? तू बोलली असतीस, हेही मला ठाऊक आहे. स्वतःवरचा राग दुसऱ्यावर काढण्यात तुझा हात कुणी धरला नसता.

सुनेनं मघाशी विचारलं, एवढं काय लिहिताय? म्हटलं, हिशोब. हे कुणाला दाखवायचं नाही आणि कुठं ठेवायचंही नाही, डंकाच्या पट्ट्याखाली घालीन. पण त्याचा चुरा व्हायच्या आधी तुला एक सांगते. मला तू मुद्दाम मारलेलंच पाहिजे. एवढी वर्षं मी त्यावरच उभी आहे. ते चुकून लागलं असेल, तर मी ‘येते’ म्हणाले तेव्हा मला कुणी अडवलंच नव्हतं.